मधूमामाच्या निषेधाचा ठराव

आमच्या घरात आंतरराष्ट्रीय क्रिकेटचे सगळे प्रश्न रविवारी सकाळी सुटत. पोहे येण्यापूर्वी प्रश्न मांडला जाई, पोहे संपेपर्यंत मतं दिली जात आणि चहा येईस्तोवर निकाल लागलेला असे. पुढच्या आठवड्यात जगातलं क्रिकेट त्या निकालाकडे ढुंकूनही न पाहता पूर्वीसारखंच चालू राही, त्यामुळे पुढच्या रविवारीही प्रश्नांची टंचाई पडत नसे.

आम्ही तेव्हा खिदिरपूरला सरकारी क्वार्टर्समध्ये वरच्या मजल्यावर राहत होतो. गॅलरीतून गोदीतल्या क्रेनच्या माना दिसत आणि नदीवर जहाज हललं की त्याचा भोंगा घरातल्या भांड्यांपर्यंत पोचे. भोंगा वाजला की बैठकीतली माणसं वाक्याच्या मध्यावर थांबत, तोंड उघडं ठेवून वाट पाहत आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. त्या आवाजाखेरीज त्यांना कोणी थांबवल्याचं मला आठवत नाही. बैठकीच्या कोपऱ्यात रेडिओ होता. तो तापायला वेळ घेई, आधी गुरगुरे, मग परदेशातल्या एखाद्या मैदानावरचा आवाज समुद्रावरून आल्यासारखा वर-खाली होत येई. दोन वाक्यं ऐकू येत, तिसरं वाहून जाई. या वाहून गेलेल्या वाक्यांवर आमच्या घरात सर्वांत ठाम मतं बनत.

मंडळी तीन. माझे वडील, नाना, कस्टममध्ये होते. पुण्याहून बदली होऊन आलेले. ऑफिसात पेटी उघडून आतला माल हाताळल्याशिवाय कागदावर सही न करणारा हा माणूस घरी सदरा बदलला की वाटेल त्या बंद पेटीवर सही करायला तयार असे. दुसरे पेंडसेकाका, गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्य कचेरीत. त्यांचा आवाज मोठा होता आणि आवाजाला ते मुद्दा समजत. तिसरे सबनीसकाका, बँकेत अधिकारी, बारीक अंगाचे, बारीक आवाजाचे. त्यांना क्रिकेटपेक्षा सभेचे नियम अधिक आवडत. या तिघांनी आपल्या बसण्याला 'रविवार मंडळ' असं नाव दिलं होतं. शहरातल्या जुन्या मराठी मंडळींच्या कार्याशी त्याचा संबंध नव्हता. तिथे गणपती बसे, नाटकं होत, काही कामं होत. रविवार मंडळात फक्त ठराव होत. त्यासाठी सबनीसकाकांनी एक घटनाही तयार केली होती. कधी एखादा नवा बदली होऊन आलेला अधिकारी येऊन बसे, दोन रविवार पोहे खाई आणि तिसऱ्या रविवारी त्याला काम निघे.

तिघांपैकी एकानेही ईडनवर पूर्ण दिवस बसून सामना पाहिलेला नव्हता. सबनीसकाकांना उन्हाचा त्रास होई, पेंडसेकाकांना गर्दीचा आणि नानांना तिकिटाच्या दराचा. पण सातासमुद्रापलीकडचा एक गोलंदाज चेंडू टाकत नाही, फेकतो, हे त्यांना हाताच्या कोपराच्या कोनासकट माहीत होतं. आखूड टप्प्याचा मारा हा सभ्य देशाला शोभत नाही, असा ठराव त्यांनी केला होता. पाहुण्या देशाने आपल्याकडे दुय्यम संघ पाठवला म्हणून एक ठराव होता. निवड समितीवर तर इतके ठराव होते की त्यांत आपापसात विरोध आला होता: एकात कर्णधार बदलल्याबद्दल निषेध, दुसऱ्यात तोच कर्णधार न बदलल्याबद्दल. कसोटीला पंच तिसऱ्याच देशाचे असावेत, अशीही त्यांची मागणी होती. ती पुढे अनेक वर्षांनी जगाने मान्य केली, हे मी नोंदवते. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं, यापलीकडे त्याला अर्थ नाही. ठराव इंग्रजीत होऊन पोस्टाने जात. उत्तर कधी आलं नाही. "पोच आली नाही म्हणजे पोचलं नाही असं नव्हे," नाना म्हणत.

पोह्यांविषयी सांगायला हवं, कारण मंडळ खरं तर त्यांच्यावर उभं होतं. कलकत्त्यात मिळणारे चिडे, म्हणजे तिथले पोहे, आईला पसंत नव्हते. एक तर फार पातळ, नाहीतर लाकडाच्या भुशासारखे. खिदिरपूरच्या बाजारात एका बिहारी दुकानदाराकडे तिला हवे तसे मिळत. मोहरीच्या तेलाचा वास तिने जन्मभर घेतला होता, पण नानांना तो चालत नसे, म्हणून शेंगदाण्याचं तेल बडाबाजारातून येई. कढीलिंब खालच्या मजल्यावरच्या मद्रासी बाईंच्या कुंडीतून. थंडीत ताजे मटार पडत. एवढा खटाटोप करून केलेले पोहे तीन माणसं न पाहता खात, कारण त्या वेळी त्यांचं लक्ष सिडनीत असे.

आईचं माहेर भवानीपूरचं. तिच्या घराण्याच्या दोन पिढ्या कलकत्त्यात गेल्या होत्या आणि तिचा धाकटा भाऊ, मधूमामा, आजोळचं घर मोडल्यावर आमच्याकडेच राहायला आला होता. शाळेत भूमिती शिकवायचा. त्याची बंगाली मराठीपेक्षा चांगली होती. बंगाल्यांसारखा तो चहा 'खाई', पाणीही 'खाई', आणि नाना दर वेळी कपाळाला आठी घालत. मंडळातले लोक त्याला अर्धा बंगाली समजत. त्याच्या शाळेतले लोक त्याला 'मराठी मधुदा' म्हणत. आणि तो क्रिकेटचा पंच होता.

मामा मोठा गोड माणूस होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो गर्विष्ठ होता. पंचाचा पांढरा कोट आईने भाताच्या पेजेची खळ देऊन कडक करायचा आणि त्यावर एक चुणी दिसली तरी तो पुन्हा धुवायला टाकायचा. आरशासमोर उभं राहून बोट वर करण्याचा सराव करताना मी त्याला पाहिलेलं आहे. बोट किती वर गेलं म्हणजे रुबाबदार दिसतं, हा त्याचा अभ्यासाचा विषय होता. त्याला कानांचाही अभिमान होता. स्वयंपाकघरात भांडं पडलं की खोलीतून ओरडून तो कोणतं ते सांगे. "पितळेची वाटी. आतून कलई गेलेली." बहुधा बरोबर निघे आणि मग आठवडाभर ऐकवी. मंडळाच्या बैठकीत पंचांना आंधळे, विकले गेलेले, घाबरट असं म्हटलं जाई तेव्हा पेंडसेकाका हात वर करून म्हणत, "मधू, तू सोडून हं." मामा पोह्यांतला दाणा शोधत म्हणे, "तुम्ही मला अजून पाहिलं कुठाय, पेंडसे?"

त्या हिवाळ्यात एक परदेशी संघ दौऱ्यावर आला. कोणत्या देशाचा ते मुद्दाम लिहीत नाही. देश लिहिला की वाचक बाजू घेतो. कलकत्त्याच्या कसोटीआधी ईडनवर पाहुण्यांचा एक तीन दिवसांचा सामना होता आणि त्यात दोन पंचांपैकी एक म्हणून मामाची नेमणूक झाली. हा सामना नीट पार पडला तर कसोटीच्या पंचांत त्याचं नाव जवळजवळ नक्की होतं. असं त्याला नेमणाऱ्या समितीतल्या माणसानेच सांगितलं होतं. मैदानावर शाळांचे, ऑफिसांचे सामने करत मामाने ज्या गोष्टीची वाट पाहिली होती ती एवढी जवळ आली होती की आईने त्याच्यासाठी नवा कोट शिवायला टाकला.

दुसरी गोष्टही त्याच आठवड्यात ठरली. मुंबईचा कोणी मराठी खेळाडू कलकत्त्यात खेळायला आला की त्याला मराठी घरी जेवायला बोलवायचं, अशी तेव्हा पद्धत होती. हॉटेलचं खाऊन कंटाळलेला खेळाडू वरण-भातावर खूश होई आणि यजमानाला वर्षभर पुरेल असा विषय मिळे. या खेपेला मान आमच्या घराला मिळाला. जेवायला येणार होते टिपणीस, त्याच सामन्यात परदेशी संघाविरुद्ध खेळणारे मुंबईचे सलामीचे फलंदाज. सामना रविवारी संपायचा होता, जेवण सोमवारी दुपारी. नानांनी पत्र पाठवलं, टिपणीसांचा होकार आला आणि सबनीसकाकांनी त्या होकाराची बैठकीत नोंद घेतली.

शनिवारी मामाने मला पास दिला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बायकांसाठी राखून ठेवलेल्या भागात, लाकडी बाकांवर, लोकरीच्या विणकामाच्या सुया आणि दार्जिलिंगच्या संत्र्यांची सालं यांच्या मध्ये मला जागा मिळाली. जेवणाच्या सुट्टीनंतर नदीवरून वारा सुटला. टिपणीस जम बसवून खेळत होते. हायकोर्टाच्या टोकाकडून चेंडू टाकला गेला, मामा त्याच टोकाला उभा होता. चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला. यष्टिरक्षक आणि स्लिपमधले सगळे एकदम ओरडले. मामा थांबला. तो इतका थांबला की शेजारच्या बाईंची सुई अर्ध्या टाक्यात राहिली. मग त्याने बोट वर केलं, आरशासमोर केलं होतं तितकंच वर. टिपणीसांनी आपल्या बॅटकडे पाहिलं, ती वळवून पुन्हा पाहिलं आणि सावकाश चालू लागले. गॅलरीतून शिट्ट्या आल्या, थोडी संत्र्याची सालं आली. मी पाहिलं ते एवढंच. माझी जागा खेळपट्टीच्या बाजूला होती. तिथून चेंडू आणि बॅट यांच्यातलं अंतर दिसणं शक्य नव्हतं.

मी घरी आले तेव्हा पेंडसेकाका आमच्याकडे येऊन बसले होते. रेडिओवर एक वाक्य ऐकू आलं होतं: फलंदाज आपल्या बॅटकडे पाहतो आहे. पुढचं वाहून गेलं. एवढ्या एका वाक्यावर रविवारी सकाळी मंडळ बसलं.

मामा शेवटच्या दिवसाच्या खेळासाठी भल्या सकाळी निघून गेला होता. आरोपी गैरहजर असताना खटला चालवण्याबाबत सबनीसकाकांच्या घटनेत काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून खटला चालला.

"माणूस बॅटकडे केव्हा बघतो?" पेंडसेकाकांनी विचारलं. "लागला नसेल तर. जगाला दाखवायला, की बघा बाबांनो, माझी बॅट कोरी आहे."

"आणि आपल्या माणसाने आपल्या माणसाला बाद द्यावं," नाना म्हणाले. "परक्या संघासमोर."

"कसला आपला? अर्धा बंगाली. मुंबईच्या माणसाला बाद दिला की इथे टाळ्या मिळतात."

हे नोंदवायला हवं की त्याच सकाळी ट्रामच्या थांब्यावर दोन बंगाली गृहस्थ मधूमामाविषयीच बोलत होते, असं आमच्या दूधवाल्याने सांगितलं; त्यांचं म्हणणं होतं की मराठी पंचाने मराठी फलंदाजाला आदल्या दोन अपिलांत वाचवलं. दोन्ही मतं एकाच पंचाविषयी आणि एकाच दुपारविषयी होती.

मग नानांना आठवण झाली. "कुमू तिथे होती की. कुमू, इकडे ये. तू पाहिलंस ना? लागला होता का बॅटला?"

"मला दिसलं नाही," मी म्हणाले. "मी बाजूला बसले होते."

"पण वाटलं काय तुला?"

"काही नाही वाटलं. दिसलंच नाही तर वाटणार काय?"

"घाबरली आहे," पेंडसेकाका म्हणाले. "मामा आहे ना."

सबनीसकाकांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. एरवी ठरावाची स्वच्छ प्रत माझ्या हातून होई. त्या दिवशी त्यांनी ती स्वतः केली. ठरावात म्हटलं होतं की कलकत्त्यातील मराठी क्रिकेटप्रेमी या निर्णयाचा तीव्र निषेध करत आहेत, संबंधित पंचावर त्यांचा विश्वास उरलेला नाही, आणि मैदानावर हजर असलेल्या एका प्रत्यक्षदर्शी व्यक्तीलाही पंचाच्या निर्णयाला दुजोरा देता आलेला नाही. ती व्यक्ती मी. पुढे वर्तमानपत्रात मी जवळजवळ हयातभर दुसऱ्यांचा मजकूर तपासला. खोटं एकही वाक्य नसलेला खोटा मजकूर कसा असतो हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. मी तो आमच्या बैठकीत, हातात पोह्यांची रिकामी बशी घेऊन, वाचला जाताना ऐकला होता.

ठराव बिनविरोध मंजूर झाला. इतके दिवस पोस्टाने जाणारे ठराव कुठेच पोचत नव्हते. या वेळी पेंडसेकाका म्हणाले, "विषय तातडीचा आहे," आणि ट्राममध्ये बसून त्यांनी तो स्वतः पंच नेमणाऱ्या समितीच्या चिटणीसांच्या घरी नेऊन दिला.

आईला हे कळलं ते बशा उचलताना. संध्याकाळी मामा आला, कोट खुंटीला लावला, चहा 'खाल्ला', आणि तेव्हा तिने त्याला सांगितलं. मामा हसला. "माझ्याविरुद्ध? इंग्रजीत?" मग कोण कोण होतं ते विचारलं आणि नानांचं नाव ऐकल्यावर हसणं थांबलं. "ताई, उद्या मी बराकपूरला जातो. तिथे एक मित्र आहे. टिपणीसांसमोर तुम्हाला अवघड नको."

नानांनाही तेच सोयीचं वाटत होतं. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "पाहुण्याला संकोच नको."

"पाहुण्याला नको असेल तर पाहुणा जाईल बराकपूरला," आई म्हणाली. "मधू पंगतीला बसेल. तुमच्या शेजारी."

सोमवारी आईने गुळाच्या पोळ्या केल्या, तिथल्या खजुराच्या गुळाच्या. त्या गुळाला धुराचा एक वास असतो, तो पुण्याच्या पोळीला येत नाही. मटारची उसळ, अळूच्या ऐवजी पालकाची पातळ भाजी, कोशिंबीर, वरण-भात. पाट मांडले. एका बाजूला नाना आणि मामा, समोर टिपणीस, त्यांच्या दोन बाजूंना पेंडसेकाका आणि सबनीसकाका. टिपणीस रेडिओवरून वाटत त्यापेक्षा बुटके होते आणि त्यांना सर्दी झाली होती. वरण-भात संपेपर्यंत मंडळी कलकत्त्याच्या हवेवर बोलली. हवेवर बोलताना त्यांना काहीही ठाम वाटत नव्हतं, हे पाहून मला नवल वाटलं.

दुसरी पोळी वाढताना टिपणीसांनी समोर पाहिलं. "पंचसाहेब, टोपीशिवाय ओळखलंच नाही तुम्हाला. तुम्ही या घरचे?"

"बायकोचा भाऊ," नाना घाईने म्हणाले.

"कान भलतेच तिखट हो तुमचे. वारा केवढा होता. मला वाटलं, एवढ्या वाऱ्यात नाही ऐकू जाणार."

पेंडसेकाकांचा घास हातात राहिला. "म्हणजे? लागला होता?"

"चांगला लागला होता. कड घेऊन गेला."

"पण तुम्ही बॅटकडे पाहिलंत! रेडिओवर सांगितलं."

"नवी बॅट होती. पहिल्याच सामन्यात कड गेली की काय ते पाहत होतो. गेलीच. टवका उडालाय." त्यांनी पोळीवर तूप ओढून घेतलं. "वहिनी, या गुळाला वास कसला आहे? छान आहे."

"मग तुम्ही उभे का राहिलात?" सबनीसकाकांनी विचारलं.

"उभं राहणं माझं काम. बोट वर करणं त्यांचं."

मामाला गप्प बसता आलं असतं. "आवाज लाकडाचा होता," तो म्हणाला. "पॅडचा आवाज मऊ असतो. मला शंका नव्हतीच."

"मग एवढा वेळ का लावलात, राव? मी तर आशेवर होतो."

"सवय आहे," मामा म्हणाला, आणि आरसा माहीत असल्यामुळे मी खाली पाहिलं.

आई तुपाचं भांडं घेऊन दारात उभी होती. "मग आता त्या ठरावाचं काय करायचं?" तिने विचारलं.

"कसला ठराव?" टिपणीस म्हणाले.

"मंडळाचं अंतर्गत काम आहे," नाना म्हणाले. "तुम्ही जेवा."

टिपणीस जेवले, पाचवी पोळी मागून घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने पुढच्या गावी गेले. माझ्या समजुतीप्रमाणे विषय तिथे संपायला हवा होता. ज्याची बॅट, त्याचा शब्द. पण त्या आठवड्यात मला कळलं की मत असलेल्या माणसाला पुरावा मिळाला तर तो पुराव्याची चौकशी सुरू करतो.

कसोटीचे पंच पुढच्या सोमवारी ठरणार होते. आईने नानांना रोज सांगितलं की चिटणीसांकडे जा आणि तो कागद परत घ्या. नाना रोज म्हणाले, "एकट्याने कसा घेऊ? मंडळाचा आहे. रविवारी बघू." कस्टममध्ये चुकीचा शेरा पडला तर हाच माणूस त्याच दिवशी खोडून वर सही करत असे.

रविवारी आई बैठकीच्या दारात येऊन बसली. असं ती कधी बसत नसे. मामा सकाळीच मैदानावर गेला होता. दोन ऑफिसांचा सामना होता, पुन्हा जुना कोट. आई म्हणाली, "आज एकच विषय घ्या."

"वहिनी, टिपणीस सज्जन माणूस," पेंडसेकाका म्हणाले. "तुमच्या घरी जेवला, समोर तुमचा भाऊ. तो काय म्हणणार, चुकलात म्हणून? शिष्टाचार असतो माणसाला."

"टवका उडालाय म्हणाले ते. तोही शिष्टाचाराने उडाला?"

"टवका काय, आधीचाही असेल. आपण कुठे पाहिलाय?"

चेंडू त्यांनी कुठे पाहिला होता, हे कोणी विचारलं नाही. सबनीसकाकांनी घसा साफ केला. जेवताना केलेलं विधान हे बैठकीसमोर केलेलं विधान होत नाही. शिवाय मंजूर ठराव मागे घ्यायचा तर आदल्या बैठकीत तशी सूचना यायला हवी. ती आलेली नाही. आज आली असं धरलं तर पुढच्या रविवारी विचार करता येईल.

"पंच उद्या ठरणार आहेत," आई म्हणाली.

"त्याला घटना काय करणार, वहिनी?"

मग तिघांनी नानांकडे पाहिलं. म्हणजे त्या दोघांनी आणि आईने. नाना अध्यक्ष होते. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर सबनीसकाकांनी तो लिहून घेतला असता, आणि पेंडसेकाका ओरडून थकले असते. नानांनी चष्मा पुसला. गोदीत भोंगा वाजला. सगळे थांबले. भोंगा विरल्यावर नाना म्हणाले, "पुढच्या बैठकीपर्यंत स्थगित."

आई उठून आत गेली. मीही तिच्या मागे गेले. पातेल्यात पोहे तयार होते, वर खोबरं, कोथिंबीर. तिने चार पुडांचा मोठा डबा काढला आणि सगळे पोहे त्यात भरले, पातेलं खरवडून. कडी लावली आणि डबा माझ्या हातात दिला. "मधूला नेऊन दे मैदानावर. ट्रामने जा."

मी बैठकीतून जात असताना पेंडसेकाकांनी डब्याकडे पाहिलं. वास पसरला होता. नाना आत डोकावून म्हणाले, "अगं, पोह्यांचं काय?"

"ठराव करा," आई आतून म्हणाली.

बातमीत निकाल आधी द्यायचा असतो. मी तो इथवर लांबवला. सोमवारी कसोटीचे पंच जाहीर झाले, त्यांत मामाचं नाव नव्हतं. समितीतल्या त्याच्या ओळखीच्या माणसाने सांगितलं, "मधुदा, आपनादेर लोकेराई तो लिखेछे." तुमच्याच माणसांनी तर लिहून दिलं आहे. रविवार मंडळाच्या सगळ्या ठरावांपैकी जगाने दखल घेतलेला हा एकच. मामाचं नाव पुढेही कधी आलं नाही. नवा कोट शिंप्याकडून आला तो त्याने शाळेच्या सामन्यांना वापरून जुना केला. आईने त्यानंतर रविवारी पोहे केले नाहीत, मंगळवारी केले. मंडळ पेंडसेकाकांच्या क्वार्टर्समध्ये गेलं, तिथे चहाबरोबर बिस्किटं मिळत. बदल्यांच्या एका हुकुमात ते संपलं. स्थगित ठराव, मला वाटतं, अजून स्थगितच आहे. आज माझ्या सोसायटीतले लोक एकच चेंडू पडद्यावर आठ बाजूंनी, हळू करून, आवाजाची रेघ काढून पाहतात आणि तरी शेवटी पेंडसेकाकांसारखंच बोलतात. म्हणून यंत्र येण्याआधी माणसं अज्ञानामुळे भांडत, हे मत मला कधी पटलेलं नाही.

त्या रविवारी मैदानावर धुकं नुकतंच उठलं होतं. ट्राम लाइनीच्या पलीकडे गवतात डाग डाग ऊन पडलं होतं आणि सामने एकमेकांना लागून चालले होते. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाला पाठ लावून उभा. मामाने मला लांबूनच पाहिलं आणि डबाही पाहिला, कारण पुढच्या षटकाचे चेंडू तो जरा घाईने मोजताना दिसला. मी कडुनिंबाखाली बसून कडी काढायला लागले. तेवढ्यात मोठा ओरडा झाला. मान वर केली तेव्हा मामाचं बोट वर होतं आणि एक लठ्ठ गृहस्थ बॅट घासत परत येत होता. तो माझ्याशेजारी पॅड सोडायला बसला, बंगालीत मामाच्या डोळ्यांविषयी, कानांविषयी आणि मराठी माणसांविषयी बोलत राहिला. मग त्याला वास आला. मी त्याला झाकणात पोहे दिले. त्याने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, बोलणं कमी होत गेलं. "लेगेछिलो," तो शेवटी म्हणाला, तोंड भरलेलं असताना, कोणालाच उद्देशून नाही असं. लागला होता.

लागला होता की नाही ते मला सांगता येणार नाही. मी डब्याची कडी काढत होते.